आत्या, तुझी खुर्ची आमच्याकडे आली

आत्या,

तू गेल्यावर मिलिंदकडे माणसांची रीघ होती, आणि जाताना सगळे एकच बोलून जायचे. "भाग्यवान हो आई तुझी. बसल्या जागी गेली. ना अंथरूण, ना कुणाला त्रास." तुझ्या शाळेतल्या त्या उंच बाई आल्या होत्या, त्यांनी तर वर बघून हात जोडले. म्हणाल्या, "मरण यावं तर असं."

मी तिथे होते. कसं आलं ते मी सांगते.

दुपार होती. रात्री बघितलेलीच मालिका तू दुपारी परत बघत होतीस. मी शेजारी बसून मोर्चाची निवेदनं पाकिटांत घालत होते. तू म्हणालीस, "मुक्ता, खिडकी उघड जरा, हवा येत नाहीये." खिडकी उघडीच होती. मी तसं म्हटलं, तर नेहमीसारखं काहीतरी खवचट बोलायला तू तोंड उघडलंस आणि बोलणं आलंच नाही. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबून उठायला गेलीस. कमरेतून थोडी वर आलीस आणि परत खाली. पुन्हा तसंच. मग ॲम्ब्युलन्स, मग कर्वे रस्त्यावरची गर्दी, कुणी बाजू देईना. नाकातोंडावर मास्क आणि वर तुझे डोळे. चेअरमनसाहेब वर्गावर आले तेव्हा त्यांना "मागच्या बाकावर बसा, तास चालू आहे" म्हणणारी बाई तू. तुला घाबरलेलं मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत तू गेलीस. मधले दोन-अडीच तास तू श्वासासाठी झगडत होतीस. बसल्या जागी म्हणे.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. त्यांनी चादर बाजूला करून तुझा डावा पाय दाखवला आणि विचारलं, "ही पोटरी कधीपासून सुजलीय?" कुणालाच माहीत नव्हतं. तू उन्हाळ्यातही मांडीवर शाल घ्यायचीस. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची थंडी. ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. पण बहुतेक पायात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली. फार बसून असायच्या का?"

आणि मिलिंद म्हणाला, "हो डॉक्टर. आम्ही आईला अजिबात उठू देत नव्हतो."

हे तो अभिमानानं म्हणाला, आत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात अभिमान. डॉक्टरांनी मान खाली घातली. कदाचित त्याच्या लक्षात यायला नको म्हणून. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही असं मला परवापर्यंत वाटत होतं.

मी घाबरलेय. हे तुलाच सांगू शकते, कारण संघटनेच्या पत्रकात आम्ही घाबरत नाही. पत्रकात आम्ही इशारा देतो, निषेध करतो, तीव्र आंदोलन छेडतो. सात वर्षं मी हेच लिहिते आहे आणि माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तुझ्या हाताखालून गेलं आहे. "शोषण हा शब्द तीनदा आलाय. एक ठेव. माणूस चिडायला एक पुरतो." किंवा, "हे वाक्य संपेपर्यंत वाचणाऱ्याची बस निघून जाईल." या मजकुरातलं काय कापलं असतंस ते मला कळत नाहीये. म्हणून सगळं ठेवते आहे.

ती खुर्ची मिलिंदनं हिंजवडीची नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला आणली. बाजूची कळ ओढली की पाय वर, पाठ मागे. तू चारी बाजूंनी बघून म्हणालीस, "दात काढणार आहात का माझे?" बसलीस मात्र. पाय वर झाल्यावर तुझा चेहरा जो सैल झाला तो मला आजही दिसतो. आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलेली तू. घरी आलीस की ओट्यासमोर. आई गेल्यावर मला आणि बाबांना सांभाळायला लागलीस तेव्हा दोन घरच्या ओट्यांसमोर. पायांवरच्या निळ्या शिरा लपवायला उकाड्यातही जाड मोजे घालायचीस. तू डोळे मिटून म्हणालीस, "आता मी उठणार नाही. पेन्शन देतात ती बसायलाच देतात." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. बसावंच की तिनं, असं अगदी मनापासून वाटलं.

मग एकेक गोष्ट तुझ्या हाताशी यायला लागली. कुणी काही वाईट केलं नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. वीजबिल भरायला तू चालत जायचीस, रांगेत तुझ्या दोन मैत्रिणी झाल्या होत्या. एकीचा मुलगा बोस्टनला होता आणि ती त्याचा फार तोरा मिरवते म्हणून तू तिला "बोस्टनबाई" म्हणायचीस. मिलिंद कंप्युटरवरून बिल भरायला लागला. "आई, कशाला रांगेत उभी राहतेस?" बोस्टनबाई संपल्या. फोन हॉलमध्ये होता, तो बिनवायरचा आला आणि तुझ्या मांडीवर बसला. मिलिंदची सुजाता भाजी निवडायला तुझ्याकडे द्यायची. मग कोपऱ्यावर मोठं दुकान झालं, भाजी चिरलेली, पिशवीत बंद मिळायला लागली. सुजाता सकाळी सातला कंपनीची बस पकडते, तिनं मेथी निवडत बसावं असं मी म्हणणार नाही. पण मेथी गेल्यावर तुला स्वयंपाकघरात जायचं कारणही गेलं.

आणि रस्ता. केबल टाकायला फुटपाथ उकरला, तो बुजवताना उंचवटे राहिले, उरलेल्यावर दुचाक्या चढल्या. तू एकदा दूध आणायला गेलीस आणि मागून हॉर्न वाजवत एक पोरगा फुटपाथवरूनच आला. लागलं काही नाही. पण घरी येऊन म्हणालीस, "शहराला आता आम्ही नको आहोत, बरं का." त्यानंतर दूध दाराशी यायला लागलं.

या सगळ्यावर आपला मान. आपल्याकडे मोठ्यांचा मान म्हणजे त्यांना जागचं हलू न देणं. पाहुणे आले, तू उठायला लागलीस की चार आवाज एकदम, "अहो बसा बसा, उठू नका." जुने विद्यार्थी यायचे, खाली वाकायचे, तू खुर्चीतूनच त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचीस. हळदीकुंकू खुर्चीत. पाणी हातात. चहा हातात, वर बिस्किटाचा पुडा फोडून. शेवटी शेवटी सुजाता वाटीत साबण-पाणी आणून तुझे हात खुर्चीतच धुवायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून असावी तर अशी." सून खरंच अशीच असावी. मी तिला दोष देऊच शकत नाही आणि त्यानं मी जास्त घाबरते. दोष द्यायला कुणी मालक सापडला की मला बरं वाटतं. घोषणा तयार होते.

आपलं भांडण राहून गेलंय.

लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या मोठ्या दुकानांतल्या मुलींसाठी आम्ही पत्रक काढलं होतं. सकाळी दहापासून दुकान बंद होईपर्यंत उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या. भिंतीला टेकलं तरी मालकाचा माणूस ओरडतो. आमची मागणी साधी होती. काउंटरमागे एक स्टूल. ते पत्रक तू जेवढ्या प्रेमानं नीट केलंस तेवढं दुसरं कुठलं केलं नाहीस. मधलं वाक्य तर तुझंच. "उभं राहणं हे काम नाही, ती शिक्षा आहे; शाळेतही आम्ही ती खोडकर मुलांना देतो." मुलींना ते इतकं आवडलं की फलकावर तेच लिहिलं.

पुढे तुझं बसणं वाढलं, खुर्चीतून उठताना तुझ्या तोंडून "हं" असा आवाज यायला लागला, तेव्हा मी तुझ्या मागे लागले. "आत्या, ऊठ. खालपर्यंत जाऊन येऊ. तासाभरानं तरी उभी राहा." तू टीपॉयच्या खालच्या फळीवरून ते पत्रक काढलंस, जपून ठेवलेलं, आणि माझ्या नाकासमोर धरलंस.

"कुणी छापलंय?"

"आम्ही."

"काय मागणी आहे?"

"स्टूल."

"हं. त्या पोरींना स्टूल मिळायला हवं आणि मला खुर्ची मिळाली तर उठवायला आलात. नेत्याबाई, संघटनेत आधी ठरवा काय ते."

बाबा शेजारच्या खुर्चीत खो खो हसले. मलाही हसू आलं आणि उत्तर आलं नाही. पुढच्या वेळी आले तर तू पुन्हा तेच. मी काही बोलायच्या आत तुझा हात टीपॉयकडे जायचा.

उत्तर मला आता सुचलंय. त्या मुलींना दुकानदार उभं ठेवतो, कारण उभी मुलगी बघून गिऱ्हाईक आत येतं. तुला आम्ही बसवून ठेवलं, कारण तू बसलेली असलीस की आम्ही निर्धास्त. पडणार नाहीस, रस्ता ओलांडणार नाहीस, गॅस चालू ठेवणार नाहीस. मिलिंदला ऑफिसात काम सुचतं. मला मोर्चाला जाता येतं. दोन्हीकडे शरीर एकीचं आणि ते कसं ठेवायचं हे ठरवणारे दुसरेच. आम्ही स्टूल मागितलं ते त्या मुलींना मनात येईल तेव्हा बसता यावं आणि मनात येईल तेव्हा उठता यावं म्हणून. तुझी उठायची ताकदच हळूहळू काढून घेतली गेली आणि ती जाताना कुणालाच, अगदी तुलाही, दिसली नाही. तू यावर नक्की काहीतरी बोलली असतीस. "उत्तर बरं आहे, पण उशिरा आणलंस," असं काहीसं. मी अजून ऐकायला थांबल्यासारखी थांबते.

आता बाबांचं.

तुझा शरद घाबरवतोय मला. पिंपरीच्या कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली तेव्हापासून तो दुपारी तुझ्याकडे येऊन बसायचा हे तुला माहीतच आहे. निदान आमच्या बिल्डिंगपासून तुझ्या बिल्डिंगपर्यंत चालायचा. तू गेलीस आणि तेवढंही चालणं संपलं. दिवसांत माणसं भेटायला आली ती आमच्याकडेही आली, आणि प्रत्येकानं त्यांच्या खांद्यावर हात दाबून सांगितलं, "बसा बसा, तुम्ही उठू नका." दुःखात असलेल्या माणसाला निरोप द्यायला दारापर्यंत यायचं नसतं, म्हणून तेही नाही. तेरावा झाला, माणसं यायची थांबली. बाबा बसलेलेच राहिले. परवा ते उठताना तोंडून तोच आवाज आला. "हं." मी स्वयंपाकघरात होते. तिथपर्यंत तो ऐकू आला.

मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाले, "नको. पाणी प्यायलं की उठावं लागतं."

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"ताई तसंच करायची," ते म्हणाले, एखादी पाककृती सांगावी तसे. "सकाळी एक भांडं आणि रात्री गोळीबरोबर घोटभर. दिवसभर बाथरूमला जायची कटकट नाही. गुडघ्यांना आराम."

म्हणजे तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसून मालिका बघत होतात आणि तहानलेले होतात. दोघंही. सुजाता हातात देत असलेलं पाणी तू ओठाला लावून ठेवून देत होतीस, आणि आम्हाला वाटत होतं आईला सगळं हातात मिळतंय. मी त्या डॉक्टरांकडे गेले. पाणी कमी आणि बसणं जास्त, या दोन्ही गोष्टी एकत्र वाईट, ते म्हणाले. म्हातारपणी पायाचे स्नायू वापरले नाहीत तर तरुणांपेक्षा लवकर जातात, काही आठवड्यांत फरक दिसतो. मग उठताना तोल जातो, तोल गेला की भीती बसते, भीती बसली की माणूस अजून बसतो. सकाळी एक चक्कर मारून दिवसभर बसायची सूट मिळत नाही. मधून मधून उठायला हवं, थोडं का होईना. इतकं साधं. पत्रकाच्या अर्ध्या पानात मावेल एवढं. ते ऐकून मी बाहेर आले आणि जिन्यात बराच वेळ नुसती उभी राहिले.

आणि रविवारी मिलिंदचा फोन. "मुक्ता, आईची खुर्ची मामांकडे पाठवतोय. मला ती समोर बघवत नाही आणि टाकवतही नाही. मामांनी वापरली तर आईला बरं वाटेल."

मी म्हटलं, "नको."

"मामा हो म्हणालेत. तुला काय अडचण आहे?"

"त्या खुर्चीनं मारलं तिला, मिलिंद."

मागे त्याची धाकटी काहीतरी गात होती. मग तो म्हणाला, "मी आणली होती ती." आणि पुढे, "तुला वाटतं मला कळलं नाही? डॉक्टरांनी मान खाली घातली तेव्हाच कळलं." आणि फोन ठेवला.

माझं बोलणं मी मागे घेत नाही. पण सगळं त्या खुर्चीवर ढकलणं हे सोपं पत्रक झालं असतं आणि तू ते परत पाठवलं असतंस. उकरलेला फुटपाथ त्यात आहे, कंप्युटरवरचं बिल आहे, "अहो बसा बसा" आहे, सात वाजताची कंपनीची बस आहे. माझ्या सभा आहेत. मिलिंदला मी पुन्हा फोन केला. दोघंही रडलो बहुतेक. तो म्हणाला, "आता काय करायचं?" खुर्ची घेऊन टेंपो निघाला होता.

खुर्ची आली. दोन माणसांनी आणली आणि टीव्हीसमोर ठेवली. बाबांनी तिच्या पाठीवर हात फिरवला, जिथे तुझ्या तेलाचा डाग आहे तिथे. "ताईची खुर्ची," म्हणाले आणि बसले. मला ती उचलून खाली फेकावीशी वाटली. पण त्यांचा चेहरा सैल झाला, आणि ज्याचं एवढंच उरलंय त्याच्याकडून ते कसं काढून घ्यायचं, हे मला कुठल्याही संघटनेनं शिकवलेलं नाही.

मी भांडले त्यांच्याशी. वाट्टेल ते बोलले. तुमचंही असंच होणार, मला एकटीला टाकून जाणार, पाणी प्या, उठा, चला. ते हळू आवाजात म्हणाले, "मुक्ता, उठून जाऊ कुठे? कामावर नाही. ताईकडे नाही. बिल तू भरतेस, दूध दारात येतं. मला एक जागा सांग जिथे माझ्यावाचून अडलंय. उठतो."

माझ्याकडे एकही जागा नव्हती.

हे लिहायला बसले तेव्हा त्यावर काय लिहायचं ते माहीत नव्हतं. पण आज सकाळी एक झालं. फार मोठं नाही.

मी मुद्दाम काही केलं नाही. मी मोरीत कपडे भिजवत होते आणि दाराची बेल वाजली. कुणीतरी चुकीचा मजला शोधत आलं असावं. मी हाक मारली नाही, हात फेसात होते. बेल पुन्हा वाजली. आणि मला तो आवाज आला, "हं," आणि मग पावलं. भिंतीला घासत येणारी. बाबांनी दार उघडलं, तोवर माणूस निघून गेला होता. मी ओल्या हातांनी पॅसेजमध्ये आले. बाबा उघड्या दारात चौकटीला धरून उभे होते, कपाळावर घाम होता, गुडघे थरथरत होते. समोरच्या दारात कुलकर्णी काकू कचऱ्याची बादली ठेवायला आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "अहो शरदराव, उभे काय, बसा बसा!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. विचारल्यासारखं. त्यांना भीती वाटत होती, आत्या, पडायची साधी भीती. मला त्यांच्याहून जास्त. काकूंचा शब्द माझ्याही जिभेवर आला होता. ज्यांच्यावर प्रेम असतं त्यांना आपण तोच म्हणतो, तुला म्हटला तसाच.

मी तो गिळला. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आम्ही दोघं दारात उभे होतो. बघायला काही नव्हतं, समोर बंद लिफ्ट आणि काकूंची बादली. ते उभे होते.